मर्रच्या अंड्यातील घट खरी किती: कोट्स बेट आणि प्रिन्स लिओपोल्ड बेटाचे प्रकरण

कॅनडाच्या उत्तर हडसन उपसागरातील कोट्स बेटावर जाड चोचीचे मर्र पक्षी वीण करतात. १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत त्यांच्या अंड्यांतील सहा प्रमुख क्लोरीनयुक्त सेंद्रिय प्रदूषकांचे प्रमाण घटत गेले. हेक्झाक्लोरोबेन्झीन, हेप्टाक्लोर इपॉक्साइड, ऑक्सिक्लोरडेन, डिल्ड्रिन, डीडीटी या कीटकनाशकाचे विघटन होऊन उरणारे डीडीई आणि पूर्वी ट्रान्सफॉर्मरसारख्या उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या पीसीबी कुळातील ६९ घटकांची बेरीज, अशी ही सहा नावे आहेत. त्यांतील काही थेट कारखान्यात बनलेली रसायने आहेत, तर काही प्राण्याच्या शरीरात किंवा निसर्गात होणाऱ्या रूपांतरातून आलेली आहेत. या सगळ्यांच्या मूळ रसायनांवर उत्तर अमेरिकेत आणि युरोपात बऱ्याच आधीपासून निर्बंध आले होते आणि अशा चिरस्थायी प्रदूषकांवरील स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारानेही त्यांना पहिल्या बारांच्या यादीत घेतले होते. त्यामुळे घट अपेक्षितच होती आणि ती दिसल्यावर बंदीचा परिणाम झाला एवढे म्हणून फाइल मिटवता आली असती.

अडचण अशी होती की त्याच काळात त्या पक्ष्यांचा आहारही बदलला होता. अन्नसाखळीत जो जितका वर, त्याच्या शरीरात ही रसायने तितकी जास्त साठतात. पक्षी एक पायरी खाली उतरून खाऊ लागला, तर समुद्रातील प्रदूषण तसूभरही कमी न होता त्याच्या अंड्यातील आकडा कमी होऊ शकतो. म्हणजे मोजलेल्या घटीत रसायनाचा वाटा किती आणि ताटाचा वाटा किती, हे वेगळे काढल्याशिवाय त्या आकड्यावरून कराराच्या यशापयशाबद्दल काही बोलणे घाईचे ठरले असते. हा वाटा वेगळा कसा काढला गेला आणि त्यासाठी अंडे उचलण्यापासून ते समीकरण मांडण्यापर्यंत काय काय सांभाळावे लागते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

दोन वसाहती, दोन समुद्र

तुलनेसाठी दुसरी वसाहत हाताशी होती, हे या प्रकरणाचे भाग्य म्हणावे लागेल. प्रिन्स लिओपोल्ड बेट नुनावुत प्रदेशातच, पण बरेच उत्तरेला आहे. लँकेस्टर साउंड, प्रिन्स रीजंट इनलेट आणि बॅरो सामुद्रधुनी जिथे एकमेकांना मिळतात तिथे, ७४ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास, सुमारे अडीचशे मीटर उंचीचे सरळसोट कडे समुद्रातून वर आलेले आहेत. या कड्यांवर मर्र, उत्तरी फुलमार आणि काळ्या पायांचे किटीवेक हजारोंच्या संख्येने वीण करतात. कॅनडाच्या वन्यजीव सेवेने येथील अंड्यांतील प्रदूषके मोजण्यास १९७५ मध्ये सुरुवात केली. आरंभी नमुने काही वर्षांच्या अंतराने घेतले जात. पुढे कॅनडाच्या उत्तर प्रदूषक कार्यक्रमाचा आधार मिळाल्यावर ते जवळजवळ दरवर्षी घेतले जाऊ लागले. आर्क्टिकमधील समुद्रपक्ष्यांच्या बाबतीत इतकी लांब मालिका क्वचितच सापडते.

कोट्स बेट हे उपआर्क्टिकच्या उंबरठ्यावर आहे. तेथील मर्र वसाहतीचा अभ्यास पक्षीशास्त्रज्ञ टोनी गॅस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून सातत्याने केला. मर्र आपल्या पिल्लासाठी एका वेळी एकच मासा आणतो आणि तो चोचीत लांबीच्या दिशेने धरलेला असतो. त्यामुळे कड्याजवळच्या आडोशात बसलेल्या निरीक्षकाला दुर्बिणीतून तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखता येते. या साध्या पण चिकाटीच्या निरीक्षणातून एक ठळक बदल पुढे आला. पिल्लांना आणून दिलेल्या माशांत आर्क्टिक कॉडचा वाटा १९८० च्या दशकाच्या मध्यास सरासरी ४३ टक्के होता, तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस १५ टक्क्यांवर आला. त्याची जागा मुख्यतः कॅपेलिन आणि सँडलान्स या माशांनी घेतली. आर्क्टिक कॉड हा बर्फाशी बांधलेला मासा आहे. उपसागरातील बर्फ लवकर फुटू लागल्यावर तो पक्ष्यांच्या आवाक्यात कमी येऊ लागला, ही त्यामागची सर्वांत पटणारी कारणमीमांसा आहे.

उत्तरेच्या बेटावर असा मोठा बदल झालेला नव्हता. एकाच जातीचा पक्षी, तीच रसायने, प्रयोगशाळाही तीच, आणि फरक मुख्यतः आहाराचा. मुद्दाम आखूनही इतकी सोयीची जोडी मिळणे कठीण होते.

मोजण्यासाठी अंडेच का

चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषकांचे रेणू पाण्यात विरघळायला नाखूश आणि चरबीत विरघळायला उत्सुक असतात. उष्ण व समशीतोष्ण प्रदेशांतून ते वाफेच्या रूपाने हवेत चढतात, थंडीत खाली बसतात, उन्हाळ्यात पुन्हा उठतात आणि अशा टप्प्याटप्प्यांनी ध्रुवाकडे सरकतात. काही रसायने समुद्रप्रवाहांबरोबरही येतात. तेथे पोचल्यावर कमी सूर्यप्रकाश आणि कमी तापमान यांमुळे त्यांचे विघटन आणखी रेंगाळते. प्लवक, त्यावर जगणारे लहान कवचधारी जीव, कॉड, मर्र अशा साखळीत प्रत्येक पायरीवर त्यांचे प्रमाण वाढत जाते.

मादी अंडे घालते तेव्हा तिच्या शरीरातील या रसायनांचा काही भाग पिवळ्या बलकातील चरबीबरोबर अंड्यात उतरतो. मर्रची मादी एका हंगामात एकच अंडे घालते. ते सुरुवातीलाच हरवले तर अनेकदा ती दुसरे घालते, त्यामुळे मोठ्या वसाहतीतून मोजकी अंडी उचलल्याने वसाहतीला धोका पोचत नाही. प्रौढ पक्षी मारावा लागत नाही. सगळी अंडी काही आठवड्यांच्या अवधीत, एकाच जागी, प्रजनन करणाऱ्या माद्यांकडून मिळतात. यकृत किंवा चरबीच्या नमुन्यात वय, लिंग, उपासमार, ऋतू असे जे घोळ शिरतात, त्यांतील बरेचसे येथे आपोआप टळतात. अंडी फक्त माद्यांबद्दल सांगतात ही त्यांची मर्यादा आहे, पण वर्षानुवर्षांचा कल पाहण्यासाठी ती अडसर ठरत नाही.

अंड्याचा आकडा नेमक्या कोणत्या काळाबद्दल बोलतो, हा प्रश्न मात्र सोपा नाही. अंड्यातील प्रथिने बहुतांशी वीण सुरू होण्याच्या सुमारास वसाहतीभोवती खाल्लेल्या अन्नातून येतात, तर चरबीत विरघळलेल्या जुन्या रसायनांत हिवाळ्यातील साठ्याचाही भाग असतो. हे मर्र हिवाळा वायव्य अटलांटिकमध्ये काढतात. म्हणून आर्क्टिकमधील अंडे म्हणजे निव्वळ आर्क्टिकची साक्ष, असे धरून चालता येत नाही.

कड्यापासून बरणीपर्यंत

मर्र घरटे बांधत नाही. उघड्या खडकाच्या अरुंद कंगोऱ्यावर तो एक अणकुचीदार अंडे ठेवतो आणि शेजाऱ्याला खेटून उभा राहतो. अंडी गोळा करणाऱ्याला दोराने कड्यावरून उतरावे लागते आणि घाईने पक्षी उडवले तर शेजारची अंडी घरंगळून जातात, म्हणून उतरण्याची जागा आणि वेळ आधी ठरवावी लागते. फुलमारची अंडी घेणे याहून त्रासाचे असते, कारण तो घुसखोरावर पोटातील दुर्गंधी तेलाची पिचकारी मारतो. त्या तेलातही प्रदूषके असतात. ते अंड्याच्या कवचावर उडाले असेल तर कवच फोडण्याआधी ते पुसून काढावे लागते, कपड्यांचे काय होते ते वेगळेच.

अंडे शक्यतो घातल्यानंतर लवकर उचलावे लागते. भ्रूण वाढू लागला की तो चरबी वापरतो आणि कवचाच्या छिद्रांतून पाणीही उडून जाते. दोन्हींमुळे प्रति ग्रॅम प्रमाण बदलते. प्रत्येक अंड्याचे वजन, लांबी आणि रुंदी नोंदवली जाते. लांबी-रुंदीवरून ताज्या अंड्याचे वजन अंदाजता येते आणि पाणी किती गेले याचा ताळा लावता येतो. कवच मधोमध कापून आतील सगळा ऐवज स्वच्छ बरणीत ओतला जातो आणि भ्रूण दिसल्यास त्याची अवस्था लिहून ठेवली जाते.

सगळा ऐवज एकत्र घोटणे आवश्यक असते, कारण निरनिराळी प्रदूषके अंड्यात निरनिराळ्या जागी बसतात. पीसीबी आणि डीडीई पिवळ्या बलकाच्या चरबीत असतात. मिथाइल पारा प्रामुख्याने पांढऱ्या बलकातील प्रथिनांना धरून राहतो. फ्लोरिनयुक्त पीएफएएस रसायने पुन्हा पिवळ्या बलकात सापडतात, पण तेथील चरबीत विरघळून नव्हे तर प्रथिनांना चिकटून. नुसता पिवळा भाग तपासला तर पारा निसटतो आणि नुसता पांढरा घेतला तर बाकी सगळे निसटते. त्यातही पीसीबीचा आकडा चरबीच्या प्रति ग्रॅम मांडणे रास्त असते, पण तोच नियम पीएफएएसला लावला तर अर्थाचा अनर्थ होतो. पाऱ्यासाठी कोरडे वजन धरण्याची पद्धत आहे. एकाच अंड्यासाठी तीन वेगळे भाजक वापरावे लागतात आणि वाचणाऱ्याने आकड्यापेक्षा आधी एकक पाहावे, हे या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

एका वर्षी एका वसाहतीतून एका जातीची साधारण १५ अंडी घेतली जात आणि तीन-तीन अंडी एकत्र करून पाच मिश्र नमुने केले जात. एकेका अंड्याचे पूर्ण रासायनिक विश्लेषण खर्चीक असते आणि मिश्रणामुळे तेवढ्याच पैशांत अधिक पक्ष्यांची सरासरी मिळते. त्याची किंमत अशी की कोणत्या मादीत किती फरक होता हे कायमचे पुसले जाते. अपवादात्मक आकडा दिसला तर तो तीन अंड्यांपैकी कोणाचा, हे सांगता येत नाही. दीर्घकालीन कल पाहणाऱ्या कार्यक्रमासाठी हा सौदा मला योग्य वाटतो, पण आरोग्यावरील परिणाम शोधणाऱ्या अभ्यासाने तो करू नये.

प्रयोगशाळेत घोटलेल्या नमुन्यातून द्रावकाच्या साहाय्याने चरबी आणि तिच्यातील रसायने बाहेर काढली जातात. मग चरबीचे मोठे रेणू वेगळे करून आणि शोषक पदार्थाच्या स्तंभातून गाळून अर्क स्वच्छ केला जातो. उरलेला अर्क गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये घटकाघटकांत विभागला जातो आणि मास स्पेक्ट्रोमीटर त्या घटकांची ओळख व प्रमाण सांगतो. पीएफएएससाठी द्रव क्रोमॅटोग्राफी लागते. प्रत्येक तुकडीबरोबर कोरा नमुना, ज्ञात प्रमाणाचा संदर्भ नमुना आणि जड कार्बनने खूण केलेले प्रमाणित रेणू चालवले जातात. हे रेणू काढताना किती वाया गेले, त्यावरून मूळ रसायन किती वाया गेले असेल याचा हिशेब बसतो.

पीसीबीच्या बाबतीत एक जुना पेच आहे. पीसीबी हे एक रसायन नसून २०९ शक्य घटकांचे कुटुंब आहे. १९७० च्या दशकातील यंत्रांना हे घटक सुटे दिसत नसत, म्हणून अॅरोक्लोर या व्यापारी मिश्रणाशी तुलना करून एकच ढोबळ आकडा दिला जाई. पुढच्या काळातील आकडे घटकवार बेरजेचे आहेत. १९७५ चा छापील आकडा आणि नंतरच्या काळातील आकडा एकाच आलेखावर मांडले तर दिसणाऱ्या घटीचा काही भाग केवळ यंत्र बदलल्याचा असतो. यावर एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे जुनी अंडी नव्या यंत्रावर पुन्हा तपासणे. ते शक्य झाले कारण ती अंडी फेकून दिलेली नव्हती. ओटावा येथील राष्ट्रीय वन्यजीव संशोधन केंद्राच्या नमुना बँकेत ती गोठवून ठेवलेली होती.

नायट्रोजनचा पुरावा

आता मूळ प्रश्नाकडे येता येते. पक्षी अन्नसाखळीत कोणत्या पायरीवर खात होता, हे त्याच अंड्यात लिहिलेले असते. नायट्रोजनचे दोन स्थिर समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाची रूपे, असतात, हलका १४ आणि जड १५. प्राणी अन्नातील प्रथिने वापरताना हलका नायट्रोजन तुलनेने अधिक बाहेर टाकतो, म्हणून प्रत्येक पायरीवर जड समस्थानिकाचे प्रमाण थोडे वाढते. सर्वसाधारणपणे ही वाढ एका पायरीला सुमारे ३.४ प्रति हजार अशी धरली जाते. कार्बनच्या समस्थानिकांवरून अन्न किनाऱ्यालगतचे की खुल्या समुद्रातले, तळाचे की वरच्या पाण्यातले, याचा अंदाज येतो.

पिल्लांच्या ताटातील मासे मोजून भागत नाही याचे कारण येथे स्पष्ट होते. ती नोंद वीण हंगामाच्या उत्तरार्धातील असते आणि अंडे त्याच्या कित्येक आठवडे आधी घडलेले असते. शिवाय मादी स्वतः जे खाते तेच पिल्लाला देते असे नाही. एकच मासा वाहून नेण्याची मर्यादा असल्याने पिल्लासाठी ती मोठा मासा निवडते आणि स्वतः लहान जीवांवरही गुजराण करू शकते. अंड्यातील नायट्रोजन मात्र ज्या अन्नातून ते अंडे घडले त्याबद्दलच बोलतो.

आहारातील फरकाचा आकड्यावर किती परिणाम होऊ शकतो, हे एका काल्पनिक हिशेबातून पाहता येईल. समजा एखादे रसायन अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर पाचपट वाढते आणि पक्ष्याच्या अंड्यातील जड नायट्रोजनचे मूल्य काही वर्षांत १ प्रति हजार इतके खाली आले. याचा अर्थ पक्षी सुमारे ०.३ पायरी खाली सरकला. तेवढ्यानेच, समुद्रात काहीही न बदलता, अंड्यातील प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास घटेल. रसायन पायरीगणिक दुप्पटच होत असेल तर ही घट १८ टक्क्यांच्या जवळपास असेल. या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. आहारातील वरकरणी किरकोळ बदल मोठी घट भासवू शकतो, आणि तो भास प्रत्येक रसायनाबाबत सारखा नसतो. म्हणून सगळ्यांना एकच दुरुस्ती लावून चालत नाही.

कॅनडातील संशोधक बिर्गिट ब्राउने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही वसाहतींतील मालिकेला ही दुरुस्ती लावली. कोट्स बेटावरील मर्र १९९३ ते २०१३ या काळात खरोखरच अन्नसाखळीत खाली सरकले होते. तो फरक वजा केल्यावर सहाही रसायनांच्या घटीचा वेग मंदावलेला दिसला. घट नाहीशी झाली नाही, पण मोजमापातून जितकी वेगवान भासत होती तितकी ती नव्हती. प्रिन्स लिओपोल्ड बेटावर पक्ष्यांची पायरी फारशी बदललेली नव्हती आणि तेथे दुरुस्त केलेला वेग व मोजलेला वेग यांत लक्षणीय फरक आढळला नाही. दुरुस्तीचे समीकरण जिथे गरज नव्हती तिथे काहीही ढवळत नाही, हेही यातून दिसले. माझ्या मते कोट्स बेटावरील निष्कर्षाला वजन येते ते उत्तरेच्या या शांत निकालामुळे. एकट्या कोट्स बेटाच्या आकड्यांवर ही दुरुस्ती केली असती, तर ती पद्धतीची कमाल आहे की वास्तवाची, अशी शंका कायम राहिली असती.

एक हरकत तरीही घेता येते. नायट्रोजनचे मूल्य पक्ष्याच्या पायरीमुळेच बदलते असे नाही, साखळीच्या तळाशी असलेल्या प्लवकांचे मूल्यही बदलू शकते. बर्फ, गोड्या पाण्याची आवक आणि पोषकद्रव्ये बदलली की हा पाया वरखाली होतो आणि मग पक्षी तेच खात असूनही वेगळ्या पायरीवर असल्यासारखा दिसतो. यावरील उपाय म्हणजे सरसकट नायट्रोजन न मोजता सुट्या अमिनो आम्लांतील नायट्रोजन मोजणे. फेनिलअॅलनिनमध्ये पायाचे मूल्य जवळजवळ जसेच्या तसे वर चढते, तर ग्लुटामिक आम्लात ते पायरीगणिक वाढते. दोन्हींतील फरक पायाच्या हालचालीपासून बराचसा मुक्त असतो. ही पद्धत महाग आणि वेळखाऊ आहे, पण कोट्ससारख्या झपाट्याने बदलणाऱ्या समुद्रात तिच्यावरचा खर्च वाया जाणार नाही. कोट्सच्या बाबतीत आडोशातून मोजलेले मासे आणि अंड्यातील नायट्रोजन एकाच दिशेला बोट दाखवत होते, एवढा आधार तरी होता.

घटणाऱ्यांच्या शेजारी वाढणारे

जुन्या क्लोरीनयुक्त रसायनांवरच नजर ठेवली तर चित्र एकांगी राहते. प्रिन्स लिओपोल्ड बेटावर १९७५ ते २००३ या काळात पीसीबी आणि डीडीई घटत असताना मर्र आणि फुलमारच्या अंड्यांतील पारा वाढत होता. तेथील नायट्रोजनचे मूल्य स्थिर असल्याने या वाढीचे खापर आहारावर फोडता आले नाही. हवेतून येणारा पारा आणि उत्तरेकडील पर्यावरणात त्याचे मिथाइल पाऱ्यात होणारे रूपांतर यांकडेच पाहावे लागले. पाऱ्यावरील मिनामाता करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये अमलात आला, म्हणजे अंड्यांतील वाढ दिसून बराच काळ लोटल्यानंतर.

आग विझवण्यास मदत म्हणून फोम, कापड आणि प्लास्टिकमध्ये मिसळल्या जाणाऱ्या ब्रोमिनयुक्त पीबीडीई रसायनांची कहाणी वेगळी आहे. १९७५ मध्ये ही अंडी गोळा करणाऱ्यांच्या यादीत पीबीडीई नव्हतीच. पुढे गोठवलेली अंडी काढून तपासली तेव्हा त्यांचे प्रमाण २००३ पर्यंत चढत गेल्याचे आणि त्यानंतर वेगाने उतरल्याचे दिसले. २००४ मध्ये युरोपीय संघाने पेंटा आणि ऑक्टा ही दोन व्यापारी मिश्रणे बंद केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील उत्पादकानेही त्यांचे उत्पादन थांबवले. वापरातील बदल आणि हजारो किलोमीटर दूरच्या अंड्यातील बदल इतक्या कमी अंतराने एकामागोमाग दिसावेत, हे या क्षेत्रात नेहमी घडत नाही. पीसीबीच्या बाबतीत उत्पादन थांबल्यावरही जुनी ट्रान्सफॉर्मर, इमारती आणि गाळ यांतून गळती चालूच राहिल्याने उतार कितीतरी रेंगाळला.

पीएफएएसच्या बाबतीत १९७५ ते २०११ या काळातील अंड्यांच्या तपासणीत त्यांच्यातील, कार्बन अणूंची साखळी लांब असलेल्या कार्बोक्सिलिक आम्लांचे प्रमाण वाढलेले आढळले. ही तपासणी जुन्या नमुन्यांवर करताना वेगळी सावधगिरी लागते. नळ्या, बोळे, झाकणाचा आतील थर यांत टेफ्लॉनसारखे पदार्थ असतील तर ते स्वतःच पीएफएएस सोडू शकतात. ज्या काळी नमुना भरला गेला त्या काळी ही शक्यता कोणाच्या मनातही नसते, म्हणून बरणी कोणती होती याची नोंद पुढे अंड्याइतकीच मोलाची ठरते. अलास्कात १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या समुद्रपक्षी नमुना संग्रह प्रकल्पाने हे ध्यानात घेऊन अंडी हाताळण्याची आणि द्रव नायट्रोजनच्या वाफेत साठवण्याची पद्धत सुरुवातीपासून काटेकोर लिहून ठेवली, ते शहाणपणाचे झाले.

फुलमारच्या अंड्यांनी आणखी एक दार उघडले. हा पक्षी पाण्याच्या पृष्ठभागावरून अन्न टिपतो आणि अन्न समजून प्लास्टिकचे तुकडेही गिळतो. प्रिन्स लिओपोल्ड बेटावरील फुलमारच्या अंड्यात प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या थॅलेट गटातील रसायनाचा अंश आढळल्याचे २०१९ मध्ये जाहीर झाले. येथे अन्नसाखळीची दुरुस्ती जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण गिळलेले प्लास्टिक कोणत्याही पायरीवर बसत नाही. नायट्रोजन त्याबद्दल काहीही सांगत नाही. अशा रसायनांसाठी पक्ष्याच्या पोटातील प्लास्टिकची नोंद हाच आहाराचा पुरावा धरावा लागेल आणि ती नोंद अंड्याच्या नोंदीशी जोडण्याची व्यवस्था आधीपासून हवी.

आकडा कळवताना

स्टॉकहोम करार २००१ मध्ये स्वीकारला गेला, २००४ मध्ये अमलात आला आणि त्याच्या १६ व्या कलमाप्रमाणे कराराचा परिणाम होतो आहे की नाही याचे ठरावीक काळाने मूल्यमापन व्हावे लागते. त्यासाठीच्या जागतिक निरीक्षण योजनेत हवा, मानवी दूध किंवा रक्त आणि पाण्यात विरघळणाऱ्या रसायनांसाठी पाणी, ही मुख्य माध्यमे ठरवलेली आहेत. पक्ष्यांची अंडी त्यांत नाहीत, ती पूरक पुरावा म्हणून येतात. काहींना हा अन्याय वाटतो. कोट्स बेटाचे प्रकरण पाहिल्यावर मला तो निर्णय समजण्यासारखा वाटतो, कारण हवेचा नमुना आपला आहार बदलत नाही. पण ज्या माणसांच्या ताटात हे प्रदूषण पोचते त्यांच्याबद्दल हवा फारसे काही सांगत नाही. क्युबेकच्या उत्तरेकडील नुनाविकमध्ये मूलनिवासी इन्युइट समाजातील मातांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिणेकडील मातांच्या सुमारे पाचपट असल्याचे १९८० च्या दशकात उघड झाले आणि त्यानंतरच १९९१ मध्ये कॅनडाचा उत्तर प्रदूषक कार्यक्रम उभा राहिला. कराराच्या प्रस्तावनेत आर्क्टिकचा आणि तेथील मूलनिवासी समाजांचा खास उल्लेख आहे, तो याच पार्श्वभूमीवर.

अंडे खाणारा माणूस आणि कराराचे मूल्यमापन करणारा अधिकारी यांचे प्रश्न वेगळे आहेत, आणि कोट्स बेटाच्या अंड्यातून त्यांना दोन वेगळे आकडे द्यावे लागतात. खाणाऱ्याला न दुरुस्त केलेला आकडा हवा. अंड्यात जे आहे ते आहे, आणि पक्ष्याने कॅपेलिन खाल्ल्यामुळे ते कमी झाले असेल तर तेवढे ते खरोखरच कमी झाले आहे. अधिकाऱ्याला मात्र दुरुस्त केलेला वेग हवा, कारण त्याचा प्रश्न अंड्याबद्दल नसून समुद्राबद्दल आहे. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी आणि आपापल्या प्रश्नासह दिले जावेत. दुरुस्त केलेलाच आकडा छापला तर वाचणाऱ्याला मोजमाप आणि अनुमान यांतील सीमा दिसत नाही. आणि मोजलेलाच छापला तर बर्फ वितळल्याचा परिणाम बंदीच्या खात्यात जमा होतो.

हवामानाचा हात याहून लांब पोचतो. प्रिन्स लिओपोल्ड बेटावर, जिथे आहार फारसा बदलला नाही तिथेही, अंड्यांतील जुन्या रसायनांचे वर्षागणिक चढउतार उत्तर अटलांटिक दोलनाच्या, म्हणजे त्या महासागरावरील हवेच्या दाबात होणाऱ्या चढउताराच्या, अवस्थांशी काही वर्षांच्या अंतराने जुळताना दिसले आहेत. वाऱ्यांची दिशा आणि पाऊसपाणी बदलले की दक्षिणेतून येणाऱ्या रसायनांचा ओघही बदलतो. पाच किंवा सहा वर्षांच्या मालिकेत असा चढ किंवा उतार सहज दीर्घकालीन कल म्हणून खपून जाईल. चार दशकांच्या मालिकेत तो चढउतार म्हणूनच ओळखू येतो.

प्लास्टिकला उन्हापासून वाचवण्यासाठी घालण्यात येणारे यूव्ही-३२८ हे रसायन २०२३ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. त्याची घट पुढे मोजायची तर सुरुवातीची पातळी माहीत हवी, आणि ती सांगू शकतील अशी यादीत येण्याआधीच्या वर्षांतील अंडी ओटावाच्या शीतगृहात आहेत. फुलमारच्या अंड्यांसाठी यात दोन पुरावे एकत्र लागतील. नायट्रोजनवरून पक्ष्याची पायरी कळेल आणि पोटातील तुकड्यांवरून त्याने गिळलेले प्लास्टिक कळेल, मग उरलेला फरक बंदीकडे मोजता येईल. मर्र प्लास्टिक तुलनेने कमी गिळत असल्याने त्याच कड्यावरील त्याची अंडी ताळ्यासाठी वापरता येतील, म्हणजे कोट्सच्या वेळी जे काम उत्तरेच्या वसाहतीने केले ते येथे शेजारची जात करू शकेल.